नवं पेन मागवण्याआधी: फाउंटन पेन संग्राहकांनी घाईच्या खरेदीला आवर कसा घालावा

संग्रहात चाळीस-पन्नास फाउंटन पेनं जमली की एक गोष्ट हमखास दिसते. रंग निरनिराळे असतात, पण कागदावर उतरणारी रेघ पाच-सहा प्रकारचीच असते. घाईघाईत घेतलेलं पेन बहुतेक वेळा दिसण्यावर भाळून घेतलेलं असतं आणि लिहिण्याचं काम मात्र निब (कागदाला टेकणारं धातूचं टोक) आणि फीड (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) करतात. त्यामुळे नुसतं मनाला दटावून काही होत नाही. समोर आलेल्या पेनात आपल्यासाठी नेमकं काय नवीन आहे, हे चटकन ओळखता आलं पाहिजे. खाली दिलेली बहुतेक कृती त्यासाठी आहे. साहित्य फारसं लागत नाही: एक वही, एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा छोटा काटा, व्हर्निअर कॅलिपर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग.

आधी मोजदाद

घरातली सगळी पेनं एका टेबलावर काढा. ऑफिसच्या खणातली, प्रवासाच्या बॅगेतली, डब्यातून कधी बाहेरच न आलेली, सगळी. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये एक ओळ लिहा. ओळीत या गोष्टी हव्यात: कंपनी आणि मॉडेल, निब कुणी बनवलेली आणि तिचा आकार, टोकाची जाडी, स्टील की सोनं, शाई भरायची पद्धत, टोपणासह आणि टोपणाशिवाय वजन, बोटं टेकतात तिथला व्यास, एकूण खर्च आणि शेवटची शाई कधी भरली तो महिना.

दोन रकान्यांत लोक हटकून चुकतात. पहिला खर्चाचा. पेनाची छापील किंमत लिहून चालत नाही. पाठवणी, सीमाशुल्क, वेगळा घेतलेला कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी, पेनात बसवायची नळी) आणि नंतर निब नीट करून घेतली असेल तर तेही पैसे त्यात धरायचे. बाहेरून मागवलेल्या पेनाची खरी किंमत हे सगळं धरल्यावर बरीच वर जाते, आणि पुढची ऑर्डर देताना आठवते ती मात्र छापील किंमतच. दुसरा रकाना शेवटच्या शाईचा. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने भरू नका, ‘आठवत नाही’ असंच लिहा. बारा महिन्यांत शाई न पाहिलेली पेनं आणि ‘आठवत नाही’वाली पेनं एकत्र मोजली की संग्रहाचा कोणता भाग निव्वळ घाईने आला आहे ते बऱ्यापैकी कळतं.

व्यास आणि वजन मोजायला कंटाळू नका. हाताला कोणतं पेन मानवतं ते या दोन आकड्यांवर बरंच ठरतं. तासभर सलग लिहायला तुम्ही आपणहून उचलता ती तीन पेनं बाजूला ठेवा आणि त्यांचे आकडे बघा. ती साधारण एकाच टप्प्यात येतात: समजा व्यास १० ते ११ मिलिमीटर आणि टोपणाशिवाय वजन १५ ते २० ग्रॅम. हा तुमचा टप्पा. यानंतर ८ मिलिमीटरचं सडपातळ किंवा ४० ग्रॅमचं पितळी पेन कितीही देखणं दिसलं, तरी ते आठवड्याभरात डब्यात जाण्याची शक्यता मोठी आहे, हे ऑर्डर देण्याआधीच सांगता येतं. चांगले विक्रेते हे आकडे देतात. देत नसतील तर विचारून घ्या.

रेघांचं पान

संपूर्ण लेखात एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा.

एक साधी, चकाकी नसलेली निळी शाई घ्या आणि कायम वापरता तोच कागद. स्वच्छ धुतलेल्या प्रत्येक पेनात तीच शाई भरून एकेक ओळ लिहा: मजकूर सगळीकडे तोच, वेग नेहमीचा. ओळीसमोर पेनाचं नाव लिहू नका, फक्त पानाच्या मागच्या बाजूला क्रमांक टाका. सगळी पेनं एका दिवसात भरणं शक्य नसेल तर दररोज चार-पाच करा, पण शाई आणि कागद बदलू नका. निब नुसती दौतीत बुडवून ओळ काढली तर फसगत होते. बुडवल्यावर निबेवर आणि फीडवर जादा शाई बसते, त्यामुळे सुरुवातीच्या ओळी प्रत्यक्षापेक्षा ओल्या आणि जाड येतात. निदान अर्धं पान लिहून झाल्यावरची ओळ खरी धरा.

पान आठवडाभर बाजूला ठेवा. मग मागे न बघता प्रत्येक ओळ कोणत्या पेनाची ते ओळखायचा प्रयत्न करा. जाड स्टब (चपट्या टोकाची निब), बारीक जपानी निब, फार ओलं लिहिणारं एखादं पेन लगेच ओळखू येतं. बाकीच्यांचे गठ्ठे पडतात: ‘या सातांपैकी कोणतं ते सांगता येत नाही’. असा प्रत्येक गठ्ठा पेन्सिलने कंस करून जोडा. नवीन पेन यातल्याच गठ्ठ्यात पडणार असेल, तर तुमच्या लिखाणात त्याने काहीही बदलणार नाही. हे पान मोबाइलवर फोटो काढून जवळ ठेवा. खरेदीच्या वेळी आठवणीपेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं.

एकच निब, अनेक बॉड्या

गठ्ठे का पडतात? एक कंपनी तीच निब अनेक मॉडेलांत वापरते आणि अनेक छोटे पेनकार निबा एकाच कारखान्यातून घेतात. काही जोड्या पाठच असाव्यात.

लॅमीच्या सफारी, व्हिस्टा, अल-स्टार आणि एलएक्स या पेनांची स्टीलची निब एकाच जातीची आहे. ती चिकटपट्टीने धरून पुढे ओढली की निघते आणि दुसऱ्या पेनावर बसते. पायलटच्या मेट्रोपॉलिटन, काकुनो, प्रेरा आणि प्लुमिक्समध्येही स्टीलच्या निबा अदलाबदल होतात. प्लॅटिनमच्या प्रेपी आणि प्लेझिरमध्ये निब आणि फीड एकच. पायलट कस्टम ७४ आणि कस्टम हेरिटेज ९१ दोन्हींत पाच क्रमांकाची १४ कॅरेट निब. ७४२ आणि हेरिटेज ९१२ दोन्हींत दहा क्रमांकाची. सेलरच्या प्रो गिअर आणि १९११ लार्ज यांच्यात मुख्य फरक टोकांच्या आकाराचा आहे: एकाची टोकं सपाट, दुसऱ्याची सिगारसारखी निमुळती. पेलिकनच्या एम२०० आणि एम४०० ची निब फीडसकट आटे फिरवून निघते आणि एकमेकांत बसते, म्हणजे एम२०० असणाऱ्याला सोन्याची निब हवी असेल तर नुसती निब घेऊन भागतं.

छोट्या पेनकारांचंही असंच. एस्टरब्रुकचं आजचं एस्टी, एडिसन, फ्रँकलिन-क्रिस्टोफ यांच्या पेनांत जोवो या निब-कंपनीची सहा क्रमांकाची निब सर्रास मिळते. बॉडी वेगळी, हाताला बसणं वेगळं, कारागिरी वेगळी, आणि त्यासाठी पेन घेणं हा रास्त निर्णय असू शकतो. पण ‘याची रेघ कशी असेल?’ या उत्सुकतेपोटी जोवोवालं तिसरं पेन घेण्यात अर्थ नाही. ती रेघ तुमच्या पानावर आहे.

यातून एक सोपा मार्ग निघतो. नवी रेघ हवी असेल तर निब घ्या. मेट्रोपॉलिटनमध्ये प्लुमिक्सची चपट्या टोकाची निब बसवली की स्टबसारखी रेघ मिळते, आणि खर्च एका स्वस्त पेनाचा. जोवोचे निब-युनिट (निब आणि फीड एकत्र बसवलेला भाग) आटे फिरवून बदलता येतात. फक्त जोवोचं युनिट बॉक या दुसऱ्या निब-कंपनीच्या युनिटच्या जागी बसत नाही, आटे वेगळे असतात. सहा क्रमांक दोन्हींवर लिहिलेला असतो, त्यामुळे इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. मागवण्याआधी पेन कुणाच्या युनिटसाठी आटे पाडलेलं आहे ते पेनकाराला विचारा.

निब घासून इटॅलिक (उभी रेघ जाड, आडवी बारीक) किंवा आर्किटेक्ट (याच्या उलट) करून घ्यायची हौस असेल तर सुटी स्टीलची निब घेऊन त्यावर करून घ्या. टोकावरचा कठीण धातू एकदा गेला की परत येत नाही.

लिमिटेड एडिशनचं गणित

घाईच्या खरेदीत सगळ्यात मोठा वाटा ‘नंतर मिळणार नाही’ या भीतीचा असतो. पेनावर कोरलेला क्रमांक, काही तासांत संपणारी नोंदणी, ‘शेवटचे तीन’ असा फलक. ही भीती सगळीच खोटी नाही, काही रंग खरोखर परत येत नाहीत. पण काही येतात. सफारी १९८० मध्ये बाजारात आली तेव्हाचे सव्हाना आणि टेरा हे सुरुवातीचे रंग लॅमीने २०२१ मध्ये पुन्हा काढले. डायमाइनच्या २०१९ च्या इंकव्हेंट कॅलेंडरातल्या (नाताळपर्यंत रोज एक शाई उघडायच्या पेटीतल्या) शाया आधी फक्त त्या पेटीतच होत्या, नंतर त्या ५० मिलीच्या दौतींत आल्या. तेव्हा ‘कधीच मिळणार नाही’ हे वाक्य विक्रेत्याचं आहे हे ध्यानात ठेवून पुढची तीन पावलं टाका.

एक: या मॉडेलचं कायम मिळणारं साधं पेन शोधा, काळं किंवा निळं. त्याची किंमत लिहा.

दोन: स्वतःला विचारा, आज फक्त हे काळं मिळत असतं तर घेतलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर तुम्हाला मॉडेल हवं आहे. ते पुढच्या वर्षीही मिळेल, घाई संपली. उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्ही रंग विकत घेत आहात.

तीन: लिमिटेड पेनाच्या एकूण खर्चातून साध्या पेनाची किंमत वजा करा. उरलेला आकडा म्हणजे रंगाची किंमत. ते मॉडेल तुमच्याकडे आधीपासून असेल तर वजाबाकी करू नका, अख्खी रक्कम रंगाची.

रंगासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. सेल्युलॉइडचा एखादा तुकडा किंवा उरुशीचा (जपानी लाखेचा) थर बघत राहावा असाच असतो. आकडा समोर मांडून घेतलेला निर्णय सहसा टिकतो, एवढंच. अमुक एका मॉडेलचे सगळे रंग जमवायचे हा तुमचा छंदच असेल तर तो मोजदादीच्या वहीत पहिल्या पानावर लिहा आणि बाकीची मॉडेलं त्यातून वगळा. घाई फोफावते ती काय जमवायचं ते ठरलेलं नसतं तेव्हा.

वाट-यादी

आवडलेलं पेन लगेच कार्टमध्ये न टाकता वहीच्या मागच्या बाजूच्या यादीत टाका. तारीख लिहा आणि तीस दिवस थांबा. यादीतल्या नोंदीत चार गोष्टी हव्यातच: निब कोणती आणि ती रेघांच्या पानावर कुठे बसते, व्यास आणि वजन आपल्या टप्प्यात आहे का, घरपोच होईपर्यंतचा पूर्ण खर्च, आणि हे आलं तर संग्रहातून कोणतं जाईल. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पेनाच्या क्रमांकासह लिहायचं. ‘बघू’ चालत नाही.

तीस दिवसांनी यादी उघडल्यावर काही नोंदी वाचून हे का हवं होतं तेच आठवत नाही. त्या खोडा. ज्या उरतील त्यांना अजून एक चाळणी: गेल्या महिन्यात त्या पेनाची आठवण यादी न बघता किती वेळा आली? विक्रेत्याचा ईमेल आला म्हणून आठवण झाली, ती धरू नका.

आधी नोंदणी करावी लागणाऱ्या पेनांना तीस दिवस मिळत नाहीत. त्यांच्यासाठी बहात्तर तास ठेवा आणि जास्तीत जास्त किती देणार तो आकडा पहिल्या दिवशीच लिहून टाका. पेन संपलं तर दुसऱ्या हाताच्या बाजारात बघता येतं. तिथे मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा. दोन्हींत बरंच अंतर असतं आणि मागितलेल्या किमतीच भीती वाढवतात.

यादी बिघडते कशी तेही सांगायला हवं. पहिलं कारण: ती वाढत जाऊन खरेदीची यादीच बनते. म्हणून तिला दहा ओळींची मर्यादा घाला. अकरावं पेन यायचं तर एक खोडावं लागेल. दुसरं कारण: स्वस्त पेनं यादीतून सुटतात, ‘याला काय धरायचं’ म्हणून. पण वर्षभरातल्या अशा पाच-सात स्वस्त पेनांची बेरीज केली तर बऱ्याचदा एका सोन्याच्या निबेच्या पेनाचे पैसे निघतात. नियम सगळ्यांना एकच ठेवा. तिसरं कारण जरा नाजूक आहे. ‘एक आलं की एक जाईल’ हा नियम पाळताना जाणारं पेन नेहमी सगळ्यात फालतू असतं. त्यावर उपाय: जाणाऱ्या पेनाच्या विक्रीतून नव्या पेनाची निदान निम्मी रक्कम उभी राहिली पाहिजे. ती आधी हातात येऊ द्या, मग ऑर्डर द्या. विकायला लागणारा वेळ हीच आपोआप वाट बघण्याची मुदत होते.

पैशांची सोय वेगळी असेल तर हे सगळं सोपं जातं. छंदासाठी वर्षाची एक रक्कम ठरवून ती वेगळ्या खात्यात ठेवा, आणि दुकानांच्या संकेतस्थळांवर साठवलेला कार्डाचा तपशील पुसून टाका. नव्या मालाच्या सूचना बंद करा. ‘आणखी एवढ्याचं घेतलं तर पाठवणी फुकट’ ही ओळ दिसली की पाठवणीचे पैसे द्या आणि मोकळे व्हा. ते जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

शाईची पळवाट

पेनांवर बंधन आलं की खरेदी शाईकडे वळते. एक दौत म्हणजे किरकोळ खर्च वाटतो. हिशेब करून बघा. साधारण कन्व्हर्टरमध्ये ०.५ ते १ मिली शाई मावते. पायलटच्या कॉन-४० मध्ये सुमारे ०.४, कॉन-७० मध्ये सुमारे १. सरासरी ०.८ धरली तर ५० मिलीच्या दौतीतून साठहून जास्त वेळा पेन भरतं. एक भरणा आठवडाभर पुरत असेल तर एक दौत वर्षाहून जास्त चालते, आणि अशा दहा दौती बारा वर्षं. तुमचा स्वतःचा आकडा काढायला एक महिना प्रत्येक भरण्याची तारीख लिहा. मग सगळ्या दौतींतली उरलेली शाई मिलीमध्ये मोजून त्या खपाने भागा. उत्तर वर्षांत येतं.

नवा रंग बघायचा असेल तर २ मिलीचा नमुना पुरतो: कन्व्हर्टर दोनदा भरून होतो. छायाचित्रातल्या जाड फटकाऱ्यावर जाऊ नका. रुंद ब्रशने किंवा काचेच्या पेनाने काढलेल्या पट्ट्यात जी छटा आणि लाल-सोनेरी चमक दिसते ती बारीक निबेतून, शाई शोषणाऱ्या कागदावर दिसतच नाही. तिथे शाईचा थरच तेवढा बसत नाही. आपल्या निबेने, आपल्या कागदावर दोन पानं लिहा, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. आणि ही नवी शाई जुन्या कोणत्या शाईच्या शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येईल? याचं उत्तर देण्यासाठी सगळ्या शायांचे छोटे नमुने एकाच कागदाच्या कार्डांवर काढून ठेवा. निळ्या-हिरव्या छटांमध्ये किती दौती एकमेकींच्या जुळ्या आहेत ते कार्डं शेजारी लावल्यावरच दिसतं.

चकाकीचे कण असलेल्या, पिगमेंटच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) आणि आयर्न गॉल (लोहक्षार असलेल्या) शायांना धुलाई जास्त लागते. धुवायचा कंटाळा असेल तर त्या घेऊ नयेत. कितीही सुंदर असल्या तरी फीडमध्ये वाळून बसतात, मग ते पेन ‘खराब’ म्हणून बाजूला पडतं आणि त्याची जागा भरायला नवीन येतं.

खुपणारं पेन आधी दुरुस्त करा

बऱ्याच खरेदीच्या मुळाशी असलेल्या पेनाचं असमाधान असतं: खरवडतं, कोरडं लिहितं, पहिली रेघ उमटत नाही. यातले बहुतेक दोष घरी निघतात किंवा निदान ओळखता येतात.

नवं पेन कोरडं लिहीत असेल तर आधी धुवा. निब आणि फीडमध्ये कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं. एक पेलाभर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. कन्व्हर्टरने दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, मग स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत. गरम पाणी नको, एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) रंग उडतो. स्पिरिट किंवा अल्कोहोल तर अजिबात नको. त्याने सेल्युलॉइड आणि काही प्लास्टिकं कायमची बिघडतात.

कन्व्हर्टरमध्ये शाई दिसते पण पेन मध्येच बंद पडतं? बहुधा शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून राहते, फीडपर्यंत उतरतच नाही. नळी साबणाच्या पाण्याने धुतली की बऱ्याचदा हे थांबतं. नाही थांबलं तर आत हालणारा छोटा स्टीलचा गोळा किंवा स्प्रिंग असलेला कन्व्हर्टर घ्या.

खरवडणाऱ्या निबेला घासपट्टी लावण्याआधी भिंगातून समोरून बघा. मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंच्या टाइन (निबेची दोन पाती) एका पातळीत आहेत का? खरवडण्याचं नेहमीचं कारण त्या वरखाली असणं हे आहे. वर आलेली टाइन नखाने हलकेच खाली दाबून धरा, सोडा, पुन्हा भिंगातून बघा. थोडं-थोडं करा, एकदम जोर नको. टाइन जुळल्यावरही खरखर राहिली तरच १२,००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर (अतिबारीक घासपट्टीवर) पेनाच्या वजनानेच चार-पाच वेळा आठच्या आकड्यासारखं फिरवा आणि लगेच लिहून बघा. जास्त घासलं तर चिरेच्या आतल्या कडा गोल होतात, शाई कागदाला टेकत नाही आणि प्रत्येक शब्दाची पहिली रेघ सुटते. कारखान्यातून असं टोक आलेलं असेल, किंवा निब सोन्याची आणि वॉरंटीतली असेल, तर हात लावू नका, परत पाठवा.

चिर फार घट्ट असल्याने शाई कमी येत असेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी चिरेतून दोन-तीनदा हळूच सरकवा, टोकाकडून श्वासछिद्राकडे (चिर संपते तिथल्या छोट्या भोकाकडे).

आणि पेन पडून राहिलं की वाळतं, ही तक्रार असेल तर चाचणी घ्या: शाई भरा, टोपण लावा, सात दिवस आडवं ठेवा, आठव्या दिवशी पहिली रेघ उमटते का बघा. उमटत नसेल तर दोष टोपणाच्या सीलचा आहे. असं पेन रोज वापरायच्या यादीत ठेवा. कधीमधी वापरायला प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरीसारखं सील चांगलं असलेलं पेन हवं. पेन घ्यायचंच असेल तर हे कारण मात्र पक्कं आहे.

एका वेळी तीन ते पाच पेनांतच शाई असू द्या. बाकीची धुऊन, कोरडी करून ठेवा. दर महिन्याला सहा महिने न वापरलेलं एक पेन फिरतीत आणा. नवीन पेन उघडताना जो आनंद होतो, त्यातला बराचसा विसरलेलं पेन भरतानाही होतो.

जुन्या पेनांची खरेदी

इथे घाई दुप्पट महागात पडते. विक्रेता ‘तपासलेलं नाही’ म्हणतो तेव्हा पेन चालत नाही असं धरून किंमत ठरवा. तरफेच्या (बाजूची कळ उचलून शाई भरायच्या) पेनांतल्या रबराच्या थैल्या कालांतराने कडक होतात किंवा चिकट लगदा होतात, त्या बदलाव्याच लागतात. पार्कर ५१ हे १९४१ मध्ये आलं. त्याच्या सुरुवातीच्या व्हॅक्युमॅटिक प्रकारात डायाफ्रॅम (शाई ओढून घेणारा रबराचा पडदा) बदलणं हे खास अवजारांचं काम आहे. १९४८ नंतरच्या एरोमेट्रिक (थैली दाबून शाई भरायच्या) प्रकारातली पारदर्शक थैली मात्र दशकानुदशकं टिकते. घाईत निवडायचीच वेळ आली तर एरोमेट्रिक निवडा.

छायाचित्रं मागा: टोपणाच्या कडेचं, निबेच्या टोकाचं समोरून आणि बाजूने, सेक्शनच्या (बोटं टेकतात त्या भागाच्या) जोडाचं. टोपणाच्या कडेला केसाएवढी भेग असली तरी ती वाढत जाते. टोकावरचा धातू एका बाजूने झिजलेला असेल तर ते पेन आधीच्या मालकाच्या हाताच्या कोनात बसलेलं आहे. दुरुस्तीचा अंदाज आधी घ्या, तो किमतीत मिळवा आणि मग बोली लावा. लिलावात आपला वरचा आकडा एकदाच टाकून बंद करा. शेवटच्या मिनिटात आकडा वाढवायला बसलं की तोटाच.

पेन प्रदर्शनात

जाताना वाट-यादीतल्या तीनच पेनांची नावं आणि ठरलेली रक्कम रोख घेऊन जा. पहिल्या फेरीत काहीही घेऊ नका, फक्त टेबलांचे क्रमांक टिपा. आपली वही न्या, कारण टेबलावरच्या गुळगुळीत कागदावर साधारण निबही तरंगत चालल्यासारखी वाटते. विक्रेत्याची परवानगी घेऊन बसून लिहा, दोन मिनिटं साधा मजकूर. सही आणि वेलबुट्टी काढून काही कळत नाही. बुडवून लिहिलेलं पेन ओलं वाटेल, तेवढं मनात वजा करा.

घेऊन झालंच तर

पार्सल आल्यावर शाई भरू नका. शाई लागलेलं पेन बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. आधी परतीची शेवटची तारीख वहीत लिहा. भिंगातून टाइन बघा, कोरडंच हातात धरून दहा मिनिटं लिहिल्यासारखं करा, वजन आणि व्यास मोजा, आटे आणि टोपण तपासा. खोका, कागदपत्रं आणि बॉडीवरची चिकटपट्टी जपून ठेवा. मग ते पेन तीन दिवस टेबलावर असू द्या आणि रेघांच्या पानासमोर ठेवून ठरवा. परत करायचं तर मुदतीच्या आत करा. ‘नंतर विकू’ म्हणून ठेवलं की वापरलेल्या पेनाच्या भावाने जातं.

विकायचं ठरलं तर पेन पूर्ण धुवा आणि चोवीस तास निब खाली करून टिश्यूवर सुकवा. आत राहिलेलं पाणी वाटेत टोपणात उतरतं. कोरलेलं नाव, चरे, बदललेली निब हे सगळं फोटोसह आधीच सांगा, आणि निब घासून घेतलेली असेल तर कोणता आकार केला तेही. पाठवताना टोपण न आवळता नुसतं बसवा, पेन कडक नळीत घाला आणि नळीची दोन्ही टोकं कापसाने भरा, म्हणजे ते आत हलणार नाही. पैसे आले की ते छंदाच्या खात्यात टाका आणि मोजदादीतली ती ओळ खोडा.